वीस लिटरच्या डब्यातला बहार

गल्लीच्या तोंडाशी दुर्गेच्या मांडवाचे बांबू सोडायला लागले, की मी गच्चीवर जाऊन अंजिराच्या मातीत बोट घालून बघते. दोन पेरं आत ओल लागली तर बरं. कोरडी लागली तर आज नुसतं पाणी, आणि खत उद्या. खतासाठी एक चहाचा चमचा ठेवलाय, दांडा वाकलेला. एक चमचा, तोही शिगोशीग नाही. वरून बोट फिरवून सपाट केलेला. सपाट झालाय ना, हे मी दोन-तीनदा बघते. मग खोडापासून लांब, डब्याच्या कडेकडेनं पसरते आणि पुन्हा पाणी घालते. दर पंधरा दिवसांनी एवढंच. एवढ्याशा कामाला मला अर्धा तास लागतो.

यंदाही पाऊस उघडलाय. सकाळी कठड्यावर दव असतं, हात ठेवला की गार लागतं. खाली उकडलेले सिंघाडे घेऊन गाडीवाला ओरडत जातो. शाळेच्या ऑटोंची पोंपों ऐकू येते. सगळे म्हणतात, जबलपूरचा हाच काय तो ऋतू, ना घाम ना थंडी. मी मान हलवते. मला मात्र तो आला की काहीतरी विसरल्यासारखं होतं. गॅस बंद केलाय का, ते परत जाऊन बघावंसं वाटतं.

त्यात काल दुपारी सासूबाईंनी ताटात अर्धी पोळी ठेवली.

"का ठेवली, आई?"

"भूक नाई वो. चल, उचल ताट."

मी ताट उचललं. पोळी गाईला घातली. आणि संध्याकाळपर्यंत त्या अर्ध्या पोळीभोवतीच फिरत राहिले.

माझं माहेर पुरंदरातलं, अंजिराच्या मुलखातलं. तिकडे पाऊस सरत आला की बागेचं पाणी तोडतात. त्याला ताण देणं म्हणतात. जमीन भेगाळते, झाड पिवळं पडतं, पानं गाळतं आणि उघडंबोडकं उभं राहतं. नवख्या माणसाला वाटावं, बाग गेली. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, त्या उघड्या बागेतून हात मागे बांधून खुशीत हिंडायचे. "ताण ब्येस बसला," म्हणायचे. मग छाटणी. मग आळी खणून शेणखत, त्यावर खताच्या मुठी, आणि मग पाटाचं पाणी मोकळं. पंधरा दिवसांत फांद्यांच्या टोकांना पोपटाच्या चोचीएवढे कोंब. आमच्या घरात पानं गळणं ही चांगली बातमी होती. हे मी इतक्या लहानपणी शिकले, की शिकल्याचंही आठवत नाही.

त्या झाडांचा मीठा बहार, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडचं गोड पीक, निघतो तो नेमका परीक्षांच्या दिवसांत. सातवीच्या इतिहासाच्या पेपरला मी पाट्या भरत बसले होते. खाली अंजिराचं पान, वर फळं, त्यावर परत पान. चिकानं बोटांची सालं निघालेली. पेन धरायचं म्हटलं असतं तरी धरवलं नसतं. आबा म्हणाले, "फुडल्या वर्षी बस." पुढच्या वर्षी बहार आणखी जोरात आला. शाळा कुणी सोडवली नाही, ती राहून गेली. माझा राग नाही. पण अजून कुठे अर्ज भरायचा असला, की मी गौरीला, माझ्या मुलीला, पुढं करते आणि आपण मागं उभी राहते.

लांबच्या एका आत्यानं जबलपूरचं स्थळ आणलं. मराठीच माणसं, दोन पिढ्यांपूर्वी विदर्भातून इकडे आलेली, गावातल्या ओमती भागात स्कूटर दुरुस्तीचं स्वतःचं दुकान. लग्न होऊन गाडीतून उतरले तेव्हा माझी जीभ टाळ्याला चिकटली होती. सासूबाईंनी दारात भाकरतुकडा ओवाळला, माझ्या चेहऱ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "काहून भिऊन राहिली वो? वाघ नाई बसले आत. चलो, पहिले पाणी पी." जावा-नणंदा हसल्या. मी गडूभर पाणी उभ्याउभ्या प्यायले. या घरातलं माझ्या पोटात गेलेलं पहिलं काही ते पाणी.

गौरी दोन वर्षांची असताना माहेरी गेले होते, तेव्हा निघताना आबांनी अंजिराचं रोप दिलं. बुडख्याला माती, वर ओलं गोणपाट, सुतळीनं आवळलेलं.

"भुईत लाव. आंगण हाय ना?"

"आहे की. मोठं आहे."

अंगण नव्हतं. राइट टाउनच्या मागच्या गल्लीत खाली दोन खोल्या, वर गच्ची, आणि गच्चीवर घर रंगवताना उरलेला वीस लिटरचा डबा. खोटं का बोलले? आबांनी माझं घर कधी बघितलं नव्हतं. बाग सोडवायची नाही आणि एवढा प्रवास गुडघ्यांना झेपायचा नाही. त्यांच्या डोळ्यांपुढं माझं घर मी सांगेन तसंच उभं राहणार होतं. मग त्याला एक अंगण दिलं तर काय बिघडलं, असं वाटलं. डब्याच्या बुडाला ह्यांनी खिळ्यानं भोकं पाडून दिली, आणि मी आबांचं झाड लावलं.

दर रविवारी फोन. आबा आधी झाडाचं विचारायचे, मग गौरीचं, मग माझं. मला त्याचं वाईट नाही वाटलं कधी. झाडाचं विचारणं म्हणजे माझंच विचारणं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. चौथं वर्ष लागलं तेव्हा म्हणाले, "आता बहार धर. वीस दिवस ताण दे, छाट, मग खत. वर्साला एक मूठ. चार वर्साचं झाड, चार मुठी."

खत मझौलीहून आलं. सासूबाईंचे भाऊ, मामाजी, तिकडे शेती करतात; गव्हासाठी आणलेल्यातलं पिशवीभर त्यांनी दिलं. मी फोन करून विचारलं, गोणीवर किती टाकायचं लिहिलंय? "एकराच्या हिशोबानं लिहून हाये, बहू," ते म्हणाले. "तुहा डबा किती एकराचा?" आणि पोट धरून हसले. मीही हसले. पण खरंच, एक डबा म्हणजे किती एकर? मी कागदावर दोन आकडे मांडले आणि कागद चुरगाळला. आबांची मूठ मला जास्त भरवशाची वाटली.

वीस दिवस मी त्या झाडाला थेंब दिला नाही. रोज वर जायचे, कोरड्या मातीला हात लावायचे आणि पाणी न घालताच खाली यायचे. मग छाटलं. छाटलेल्या काड्या कोपऱ्यात टाकल्या. सासूबाईंनी तुपाच्या पिप्यात सेमीचा, म्हणजे घेवड्याचा, वेल लावला होता. त्यांनी दोन काड्या उचलून वेलाला टेकू म्हणून खोचल्या. "फुकटच्या काड्या. कायले फेकाच्या?" मग मी मुठी मोजल्या. एक, दोन, तीन, चार. मग वाटलं, माझी मूठ आबांच्या मुठीपेक्षा केवढी लहान. म्हणून पाचवी टाकली.

चार दिवसांत उरलेली पानं कडांनी करपली. इस्त्रीचा चटका लागल्यासारख्या तपकिरी कडा. मग एकेक पान गळायला लागलं, आणि मला आनंद झाला. खोटं नाही सांगत. अंगणात पाहुणे येणार असल्यासारखी मी ती पानं झाडत होते.

"मरून राहिलं वो हे," सासूबाई जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून म्हणाल्या.

"नाही आई. ताण बसलाय त्याला."

"पाह्य त, सालीचा रंग कसा झाला."

"तुम्हाला नाही कळायचं अंजिरातलं."

 त्या घरात सगळं मला दुसऱ्यांनी शिकवलेलं. कुठली बस, कुठलं दुकान, दुधवाल्याशी हिंदीत कसं बोलायचं. एवढी एकच गोष्ट अशी होती की जी फक्त मला येत होती. त्यामुळे आवाज जरा चढलाच. गौरी शाळेतून आली, दप्तर न काढताच म्हणाली, "मम्मी, ये तो मर गया." मी म्हटलं, "मेलं नाही गं, झोपलंय."

त्याच दिवसांत आबांचा आवाज बारीक झाला होता. फोनवर मध्येच थांबायचे, श्वास घ्यायचे. मी विचारलं, जेवता का नीट?

"दोन घास जात्यात. अंगाला ताण दिलाय गं. म्हाताऱ्याला बहार धरायचाय."

मी केवढ्यानं हसले. ह्यांना सांगितलं, सासूबाईंना सांगितलं, आबा काय म्हणाले बघा. दादा, माझा भाऊ, एकदा म्हणाला, "आबा वाळल्यात." मी म्हटलं, पावसाळा सरला की वाळतातच, बागेत राबतात ना. आबांनी विचारलं, "दिवाळीला यायला जमतंय का?" मी म्हटलं, दुकानात दिवाळीची गर्दी असते, गौरीची सहामाही आहे, नंतर बघू. "बरं, बरं," ते म्हणाले. "झाडाकडं बघ."

तीन आठवडे झाले तरी कोंब नाही. मी रोज फांद्यांची टोकं बोटांनी चाचपायचे. एका रविवारी राहवलं नाही. फोन स्पीकरवर होता, मी मेथी निवडत होते, सासूबाई पलंगावर होत्या.

"आबा, पानं सगळी झडली, पण फुटत नाहीये."

"खत किती घातलंस?"

"पाच मुठी. माझी मूठ लहान म्हणून."

"मग फुटंल की. भुईत मुळ्या लांब जात्यात, जरा येळ..."

"आबा, ते भुईत नाही. डब्यात आहे."

पलीकडे, मागं कुठंतरी आमच्या गाईची घंटा वाजत होती, ती मला ऐकू येत होती.

"केवढा डबा?"

"वीस लिटरचा. रंगाचा."

मी वाट बघत होते, ते म्हणतील, आंगण हाय म्हणाली होतीस. ते म्हणाले, "बरं. डब्यात बी येतंय. आसं कर, पाणी घाल. खालनं वाहून जाईस्तोवर घाल. थांब, परत घाल. तीन-चार डाव. खत निघून जाऊ दे." मग म्हणाले, "येऊन जा, पोरी." मी म्हटलं, डिसेंबरात येते, गौरीला सुट्टी लागली की. "येऊन जा," ते परत म्हणाले. आबा एक गोष्ट दोनदा सांगणारे नव्हते.

मी पाणी घातलं नाही. घातलं, पण एक तांब्या. आमची गच्ची जुनी. डब्याच्या बरोबर खाली सासूबाईंचा पलंग. पाणी झिरपलं, छताला डाग पडला तर काय म्हणतील? डबा ओढून दुसरीकडे न्यावा तर तो मला एकटीला हलत नव्हता, आणि कुणाला हलवायला सांगायचं तर चूक कबूल करावी लागली असती. सरळ विचारायला हवं होतं. मला विचारायचीच भीती वाटते. सरळ शब्दांत सांगितलेल्या दोन गोष्टी होत्या, पाणी घाल आणि येऊन जा. दोन्ही मी डिसेंबरावर टाकल्या.

पुढच्या रविवारी आबांनी एवढंच विचारलं, "फुटलं का?"

मी गच्चीवरच उभी होते. समोर काडी होती, वाळलेली.

"फुटतंय, आबा."

"हां," ते म्हणाले.

तो शेवटचा रविवार. गुरुवारी दादाचा फोन आला. गाडीतला तो अख्खा दिवस मला आठवत नाही. एक बाई समोर बसून गौरीला संत्री सोलून देत होती, तेवढं आठवतं. पोचले तेव्हा सगळं उरकलेलं होतं. पोटात गाठ होती म्हणे. डॉक्टरांनी पावसाळ्यातच सांगितलं होतं. आबांनी सगळ्यांना बजावलं होतं, तिला कळवू नका. लांब आहे, घाबरट आहे, उगाच तिकडं झुरत बसंल. माझ्या भित्रेपणानं मला माझ्या बापापासून लांब ठेवलं, हे मी चुलीपुढं बसून ऐकलं. बाहेर बाग फुटलेली होती. पानं तळहाताएवढी झालेली, आणि प्रत्येक पानाच्या बगलेत हरभऱ्याएवढं हिरवं फळ. आबांनीच ताण दिलेली, आबांनीच छाटून घेतलेली बाग. यंदा त्यांच्या पायात बळ नव्हतं म्हणून बांधावर खाट टाकून बसले होते आणि गड्यांना फांद्या दाखवत होते, असं दादा म्हणाला.

तेरावा करून परत आले. घरात शिरले, सासूबाईंच्या खोलीत पिशवी ठेवली आणि वर बघितलं. छतावर त्यांच्या पलंगाच्या बरोबर वर परातीएवढा ओला डाग होता, कडेनं पिवळा.

"हे काय झालं, आई?"

"काई नाई वो. पाणी टाकलं चार बाल्ट्या. तुह्या बापानं सांगतलं होतं ना फोनवर, वाहून जाऊ दे म्हनून. तू त गेली निघून." मग गुडघे चोळत म्हणाल्या, "पण नाई वाचलं. उशीर झाला."

त्यांनी, गुडघे धरून जिना चढणाऱ्या बाईनं, चार बादल्या वर नेल्या होत्या. डाग कुठं पडणार, हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं.

त्यानंतर मला अन्न जाईना.  सासूबाईंनी कधी ताट भरून वाढलं नाही, की "खाऊन घे, खाऊन घे" केलं नाही. "पहिले पाणी पी," म्हणायच्या. थोड्या वेळानं वाटीच्या तळाशी वरण. "बस. आज इतकंच. जास्त नोको खाऊ, उलटून येईन." दुसऱ्या दिवशी वरणात दोन घास भात. असे आठ-पंधरा दिवस. "मी सांगतलं होतं, झाड मरून राहिलं," हे वाक्य त्यांच्याकडे तयार होतं. त्यांनी ते आजवर वापरलेलं नाही. मी त्याची अजूनही कधी कधी वाट बघते.

होळीच्या आसपास सेमीचा वेल वाळला म्हणून त्या तो उपटायला वर गेल्या आणि तिथूनच ओरडल्या, "इकडे ये वो! माह्या सेमीले काय लागून राहिलं पाह्य!" मी पळत वर गेले. तुपाच्या पिप्यात खोचलेल्या दोन काड्यांपैकी एकीला, उलटी नाही सुलटीच खोचली गेली होती ती, टोकाला पोपटाच्या चोचीएवढा कोंब होता. मातीत तिनं मूळ धरलं होतं. सासूबाई टाळ्या वाजवून हसत होत्या. "फुकटची काडी!" मी फोन काढला. नाव काढलं. आणि मग तो हातात तसाच धरून उभी राहिले. आबा, फुटलं. कुणाला सांगू?

तेच हे झाड. आता तेही वीस लिटरच्या डब्यातच आहे, डबा मात्र जिन्याच्या वर, जिथं खाली कुणी झोपत नाही. मीठ्या बहाराला सात-आठ फळं देतं. बुलबुलांनी दोन खाल्ली तरी आम्हाला पुरतात. छताच्या डागावर ह्यांनी दोनदा चुना मारला; दर पावसाळ्यात तो परत उमटतो. मी ह्यांना म्हटलंय, राहू द्या.

काल संध्याकाळी चमचा घेऊन वर गेले तेव्हा झाडाची तीन पानं पिवळी होती. ऋतूच तसा आहे, पिवळी पडायचीच. तरी मी प्रत्येक पान उलटं करून बघितलं. साल नखानं जरा खरवडून बघितली. आत हिरवी होती. पाणी घातलं, खत सकाळी द्यायचं ठरवलं. आणि तिथंच बसले, कारण मला आठवायला लागलं, की परवाही पोळी अर्धीच होती. आणि नवरात्रात सासूबाई म्हणाल्या होत्या, बांगड्या ढिल्या झाल्या वो. तेव्हा मी म्हटलं होतं, उपास झाले ना, आई. म्हटलं होतं आणि हसले होते.

जिन्याच्या खालून हाक आली. त्यांना आता वर चढवत नाही.

"किती चमचे टाकले वो?"

"अजून टाकलं नाही. आधी पाणी घातलं."

"मंग उतर खाली. अंधार पडून राहिला. जेवून घे."

मी खाली उतरले. स्वयंपाकघरात जाऊन पेला भरला आणि आधी त्यांच्या हातात दिला. त्या पलंगावर बसल्या होत्या, डागाखाली. मी समोर जमिनीवर बसले.

"आई, किती दिवसांपासून?"

"काय किती दिवसांपासून?"

"भूक."

"अवो, काई नाई. म्हाताऱ्या झाडाचे पानं..." त्या हसत हसत सांगायला लागल्या आणि माझ्याकडं बघून थांबल्या. मी हसत नव्हते. त्यांनी पेला तोंडाला लावला, दोन घोट घेतले. बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत सरकल्या.

"सकाळी दवाखान्यात जाऊ," मी म्हणाले.  "ह्यांना दुकान उशिरा उघडायला सांगते."

"तुले त कशाचंही भेव. गौरीची शाळा..."

"गौरी जाईल आपली आपली. डिसेंबर नाही, नंतर नाही. उद्या. मी विचारून नाही राहिले, आई. सांगून राहिले."

त्यांनी पेला रिकामा करून माझ्या हातात दिला. मी वाटीच्या तळाशी थोडंसं वरण घेऊन आले.